आजोबांचा वाढदिवस 1 जूनलाच का?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे बरेच विद्यार्थी आज समोर बसले आहेत. त्यांतले बहुतेक आता स्वतः आजी-आजोबा आहेत. संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, या श्रोत्यांना सोयीचा आणि थोडा गैरसोयीचाही असा एक विषय माझ्याकडे आहे. मुलांना आपल्या घराच्या इतिहासाची गोडी कशी लागेल, हा तो विषय. सोयीचा अशासाठी, की त्याला लागणारं भांडवल तुमच्याचजवळ आहे. गैरसोयीचा का, ते बोलण्याच्या ओघात येईल.

"हल्लीच्या मुलांना पणजोबांचं नावसुद्धा ठाऊक नसतं," ही तक्रार आपण सगळेच करतो. ती खोटी नाही. पण आपण मुलांना सांगतो तरी काय? आपले मूळपुरुष अमक्या गावाहून आले, त्यांना वतन मिळालं, चौसोपी वाडा होता, मग कूळकायदा आला आणि सगळं गेलं. मूल दोन मिनिटं ऐकतं आणि मोबाइल हातात घेतं. मला त्यात मुलाचा फारसा दोष दिसत नाही. ही गोष्ट आपण आधीच पुरी करून ठेवलेली असते. तिच्यात त्याला विचारण्यासारखं काही नाही, करण्यासारखं तर नाहीच. मान डोलवायची आणि सुटायचं.

इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर माझं मत असं झालंय की मुलांना घराचा इतिहास सांगायला जाऊ नये, तो शोधायचं काम त्यांना द्यावं. थोर पूर्वजापेक्षा न सुटलेलं कोडं मुलांना जास्त प्रिय असतं. आणि अशी कोडी प्रत्येक घरात आहेत.

सगळ्यांत सोपं कोडं घ्या. घरातल्या, शेजारच्या, गावाकडच्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांचे आधार कार्डावरचे जन्मदिनांक मुलांना एका कागदावर उतरवून काढायला सांगा. यादी झाली की तिसरी-चौथीतलं पोरसुद्धा थबकेल, कारण त्यांतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला निघेल. आजोबांचा 1 जून, त्यांच्या धाकट्या भावाचा 1 जून, वाड्यातल्या कुलकर्णीकाकांचाही 1 जून. एवढी माणसं एकाच दिवशी जन्मली? मुलाने हा प्रश्न स्वतः विचारला पाहिजे. आपण उत्तर देण्याची घाई करायची नाही. "आजोबांनाच विचार," एवढंच म्हणायचं.

मग आजोबा सांगतील. घरात जन्माची नोंद नव्हती. जून महिन्यात शाळा उघडली की चुलत्याने बखोटीला धरून मास्तरांपुढे उभं केलं. मास्तरांनी डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावला. कान हाताला लागला, म्हणजे पोरगा शाळेजोगता झाला. रजिस्टरात तारीख तर लिहायला हवी, म्हणून वय बरोबर भरेल असा 1 जून लिहून टाकला. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर, पेन्शनच्या हुकमावर आली. मुलाला इथे एक फार मोठी गोष्ट कळते, ती इतिहासाच्या पुस्तकात सहसा कळत नाही: सरकारी कागद खरा असतो, आणि तरी त्यावरची गोष्ट खोटी असू शकते.

मग खरा जन्म कधीचा? आता पणजीचं बोलणं आठवावं लागतं. "गांधीजी गेले आणि जाळपोळ झाली, तेव्हा हा पाळण्यात होता." मराठवाड्यातलं घर असेल तर, "रझाकारांच्या धामधुमीत आम्ही गाव सोडला, तेव्हा हा पोटात होता." एवढ्यावरून साल सापडतं. 30 जानेवारी 1948 ही गांधीवधाची तारीख, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादवर पोलीस कारवाई झाली. कोणी म्हणेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोळा श्रावण अमावास्येला येतो. त्या सालचं पंचांग किंवा जुनी कालगणना काढली की तारीखही हाती येते. आणि हा हिशोब ताडून बघायचा असेल, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 असतो, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. गावचा कोतवाल खबर देई म्हणून लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात पुष्कळदा बाळाचं नाव नसतंच, फक्त बापाचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी". ती तारीख आणि पंचांगावरून काढलेली तारीख जुळली, की त्या दिवशी त्या घरात जो आरडाओरडा होतो तो मी ऐकलेला आहे.

दुसरं कोडं माळ्यावर असतं. आपल्याकडे लग्नात भांडी देण्याची आणि त्यांवर नाव घालण्याची पद्धत होती. पितळेच्या डब्यावर, तांब्याच्या हंड्यावर, स्टीलच्या ताटावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं असतात. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशाप्रीत्यर्थ आणि तारीख. कागद वाळवी खाते, फोटो पिवळे पडतात, पण हंडा टिकतो. दिवाळीच्या साफसफाईत भांडी खाली काढताना मुलांना वही-पेन्सिल देऊन बसवा आणि प्रत्येक भांड्यावरचं नाव उतरवून घ्यायला सांगा.

माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच यादी घेऊन आली. एका पितळी डब्यावर मामांनी भाचीला लग्नात दिल्याचं लिहिलं होतं, सालही होतं, पण त्या भाचीचं नाव घरात कोणाचंच नव्हतं. आईला माहीत नाही, वडिलांना माहीत नाही. वडिलांनी तर डबा चुकून दुसऱ्याच्या घरून आला असेल असं ठरवूनही टाकलं. मुलीने डबा आजीपुढे नेऊन ठेवला आणि विचारलं, "ही कोण गं?" आजी कांदा चिरत होती. डब्याकडे बघून म्हणाली, "मीच की." लग्नात ताटातल्या तांदळावर सासरचं नाव लिहिलं गेलं, त्या दिवसापासून माहेरचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. मामांनी मात्र डब्यावर आपल्या भाचीचंच नाव घातलं होतं. त्यानंतर आजी बरंच बोलली. माहेरच्या विहिरीबद्दल, शाळा सुटली त्याबद्दल, आणि नाव बदललं तेव्हा पहिले काही दिवस हाक मारली तरी आपल्याला मारली हे कळत नसे, त्याबद्दलही. "जुन्या काळच्या गोष्टी सांग" असं नुसतं म्हटलं असतं, तर यातलं एक अक्षर बाहेर आलं नसतं.

तिसरं काम जरा मोठ्या मुलांचं, आठवी-नववीपुढचं. ज्यांच्या घरी शेती होती, त्यांच्याकडे फेरफाराचे उतारे असतात. नसले तर भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. फेरफार म्हणजे जमिनीच्या मालकीत बदल कशामुळे झाला त्याची नोंद. मुलांना ही भाषा रुक्ष वाटेल, असं आपल्याला वाटतं. पण एकदा गुरुकिल्ली दिली की ती तुटून पडतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आता एक नोंद डोळ्यांपुढे आणा. अमुक मयत, वारस मुलगा, वय वर्षे सात, अ.पा.क. आई, आणि पुढे त्या आईचं नाव. चार ओळी. पण त्यांतून कळतं की आपले पणजोबा सात वर्षांचे असताना पोरके झाले, आणि त्यांच्या आईने शेती सांभाळली. वंशावळीत त्या बाईचं नाव नाही. घरात कोणाला ते सांगता येत नाही. तलाठ्याने मात्र ते लिहून ठेवलं, कारण सरकारला सारा कोणाकडून वसूल करायचा हे कळायला हवं होतं.

याच कागदांत पुढे "हक्कसोडपत्र" येतं. बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडला. आता मूल विचारतं, "आत्याआजीने जमीन का सोडली?" मघाशी म्हटलेली गैरसोय ती हीच. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 साली दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या. 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. कायदा बदलला, तरी राखीपौर्णिमेला ओवाळणी घेऊन तलाठ्याकडे सही करणाऱ्या बहिणी आपल्याच घरांत आहेत. मुलाने विचारलं तर सांगावं लागेल. दुसरं लग्न, कर्जापायी गेलेलं घर, दारू, आत्महत्या, भाऊबंदकीतले कोर्टकज्जे, हे सगळं कधी ना कधी समोर येतं. आठ वर्षांच्या मुलाला सगळं सांगायची गरज नाही. "मोठा झालास की सांगेन" हे उत्तर चालतं. खोटं उत्तर चालत नाही. एकदा ते पकडलं गेलं की मूल तुमच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

या बाबतीत जरा परक्या ठिकाणचा एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी वीस प्रश्न तयार केले. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील एकमेकांना कसे भेटले, घरात कोणावर कोणतं संकट आलं होतं, अशा प्रकारचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, ती साधारणपणे अडचणींना अधिक नीट तोंड देताना दिसली. पण याचा अर्थ उत्तरं पाठ करून घ्यावीत असा नाही, हेही त्या दोघांनी स्पष्ट केलं. ही माहिती ज्या घरात मुलापर्यंत पोचते, त्या घरात माणसं एकत्र बसतात आणि बोलतात. बळ त्या बोलण्यातून येतं. आणि मुलांना सगळ्यांत उपयोगी पडते ती चढउतारांची गोष्ट, असं ड्यूक यांचं म्हणणं आहे. आपण वर आलो, मग पडलो, पुन्हा उभे राहिलो, अशी. 1972च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडणारी, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढणारी आजी ज्याला माहीत आहे, त्याला दहावीच्या कमी मार्कांवरून जग बुडाल्यासारखं वाटण्याची शक्यता कमी.

आता पुराव्याविषयी. घराण्याच्या इतिहासाला अहंकाराची कीड फार लवकर लागते. पानिपतावर पडलेले पूर्वज ज्यांनी ज्यांनी सांगितले, ते सगळे खरे धरले तर 14 जानेवारी 1761 रोजी रणांगणावर पाय ठेवायला जागा उरली नसती. यावरचा उतारा आपल्याकडेच आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून माळ्यांवरची आणि अडगळीतली कागदांची दप्तरं उलगडत हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला, आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. 1910 साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. लोक ज्याला रद्दी समजत होते, त्यातून त्यांनी इतिहास उभा केला आणि कागद असल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त घालून दिली. तीच शिस्त मुलांच्या वहीत आणता येते. पानावर तीन रकाने आखायचे: ऐकलेलं, कागदावर पाहिलेलं, आणि आपला अंदाज. ऐकलेल्या गोष्टीपुढे कोणी सांगितली आणि कधी, ते लिहायचं. आत्याने एक सांगितलं आणि काकांनी दुसरं, तर दोन्ही लिहायचं. बारा वर्षांचं मूल असं करायला लागलं, की त्याला इतिहासाची गोडी वेगळी लावावी लागत नाही. उद्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या ऐतिहासिक गोष्टीलाही ते विचारतं, "हे कोणत्या रकान्यात?"

वंशावळी राखणारी माणसंही आपल्याकडे आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावं गावांप्रमाणे लिहिलेली असतात. कधीकधी पूर्वजाच्या हातची सहीही सापडते. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात सुगीनंतर हेळवी दारात येतो आणि शेतकऱ्याच्या घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो. विसाव्या शतकात आडनावांनुसार कुलवृत्तांतही छापले गेले. मुलांना हे सारं जरूर दाखवा. पण त्यात कोण नाही, तेही मोजायला सांगा. कुलवृत्तांतात मुलीची रेघ लग्नापाशी थांबते. म्हणून आईच्या आईच्या आईचं नाव विचारा. मोठ्या माणसांनाही ते चटकन येत नाही. बायकांनी आपला इतिहास वेगळ्या ठिकाणी ठेवला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासरचा जाच आहे, आणि गाणाऱ्या बाईचं जगणं आहे. तुमच्या घरात एखादी ओवी म्हणू शकणारी आजी असेल, तर तिचा आवाज या आठवड्यातच फोनमध्ये टिपून ठेवा. तिची भाषा सुधारू नका. अहिराणी असेल तर अहिराणी, मालवणी असेल तर मालवणी.

आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांचं काय? सगळ्या गावाच्या जन्ममृत्यूची खबर देणाऱ्या कोतवालाच्या घराचा इतिहास कोणी लिहिला? 1871च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि 1952 साली तो पुसला गेला, त्यांच्या नोंदी बहुतेक पोलिसांच्या वह्यांत. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', दया पवार यांचं 'बलुतं', किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' ही पुस्तकं घराचा इतिहासच आहेत, फक्त कुलवृत्तांताच्या चौकटीत न मावणारा. काळ्यांनी तर आईचं नाव स्वतःच्या नावात मिरवलं. आता 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. उशिरा का होईना, पण ही नोंद शासनाने बदलली.

म्हणूनच शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गात सरसकट "वंशवृक्ष काढून आणा" असा प्रकल्प देऊ नका. दत्तक मुलाला, वडील नसलेल्या मुलाला, आई-वडील वेगळे झालेल्या मुलाला, जात लपवावी लागलेल्या मुलाला तो कागद भरताना काय होतं, ते शिक्षकाला दिसत नाही. त्याऐवजी "घरातल्या एका वस्तूची गोष्ट" किंवा "आमच्या घरातल्या कोणाचा तरी एक प्रवास" असं लिहायला द्या. प्रवास प्रत्येक घरात झालेला असतो. कोकणातून गिरणगावात आलेला, कोयनेच्या धरणात गाव गेल्यामुळे झालेला, किल्लारीच्या भूकंपानंतर झालेला. मॉरिशसला ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांची पणतवंडं आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात आपलं गाव शोधत येतात. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांची दप्तरं जपलेली आहेत, म्हणून त्यांना ते शोधता तरी येतं. आपण इथेच राहिलो, म्हणून आपल्याला शोधायची गरज नाही, असं समजू नका.

दोन व्यावहारिक सूचना. एक, आजीला समोर बसवून मुलाखत घेतल्यासारखे प्रश्न विचारू नका. तिचे हात कामात असू द्या. शेंगा सोलताना, वाती वळताना माणूस मोकळं बोलतो. आणि प्रश्न बारीक हवेत. घरात वीज आली तेव्हा पहिला दिवा कोणत्या खोलीत लागला? पहिल्या पगाराचं काय घेतलं? दुसरी सूचना अशी, की मुलाला जुन्या कागदांची मोडी लिपी शिकायची इच्छा झाली तर अडवू नका. दोनेक महिन्यांत ते सोपा मजकूर लावायला लागतं. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. घरचा कागद वाचता येणं चैनीचं नाही, हे तेव्हा अनेकांना कळलं.

शेवटी या सभागृहाच्या चालकांना आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना एक आवाहन. मुलांनी लिहिलेल्या या वह्यांसाठी आपल्या ग्रंथालयात एक कपाट द्या. प्रत्येक वहीवर मुलाचं नाव, गाव आणि तारीख घाला, दाखलनोंद करा, आणि लिहिणाऱ्याच्या घरच्यांची परवानगी असेल तरच ती वाचायला द्या. राजवाड्यांना दप्तरं शोधत पायपीट करावी लागली, कारण ती ठेवण्याची जागा कोणी ठरवली नव्हती. पुढच्या पिढीतल्या इतिहासकारावर ती वेळ येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. आणि इथल्या प्रत्येक आजी-आजोबांना सांगणं इतकंच, की या महिन्यात नातवंडाने एखादा प्रश्न विचारला, तर उत्तर माहीत असूनही आधी त्याला विचारा, "तुला काय वाटतं, आणि ते आपण ताडून कसं बघायचं?"